खिळ्यांऐवजी पट्टी: संग्राहकांनी भरलेल्या घरातून

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका होईल. भिंतीच्या वरच्या कडेला बसवायची ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यातून खाली सोडायच्या तारा आणि त्या तारांवर सरकणारे हूक, असा हा चित्रं टांगायचा संच आहे. तो जरूर घ्या. त्याच्या जोडीला गळ्यात मारले जातात ते छोटे दिवे मात्र घेऊ नका.

आता सविस्तर. आमचं घर म्हणजे एका जुन्या गोदामाचा अख्खा वरचा मजला. एका बाजूला उंच खिडक्या, समोर उघड्या विटांची लांबलचक भिंत, मध्ये खांब आणि छत साडेचार मीटरवर. आलेला माणूस आधी मान वर करून बघतो आणि मग ‘काय ऐसपैस आहे!’ म्हणतो. ऐसपैस आहेच. पण अशा घराला खोल्या नसतात, आणि खोल्या नाहीत म्हणजे भिंतीही नाहीत, हे सामान उतरवल्यावर ध्यानात येतं. त्यात आमच्याकडे जमवण्याचं वेड घरातल्या प्रत्येकाला. सासूबाईंची जुनी कुलपं, नवऱ्याचे नकाशे, मुलीचे दगड, मुलाची काड्यापेट्यांवरची लेबलं. धाकटे दीर दुसरीकडे राहायला गेले, पण त्यांचे कॅमेरे इथेच राहिले. मी काही जमवत नाही असं सगळ्यांना सांगत असते. आईकडून आलेल्या भरतकामाच्या तुकड्यांत इकडून तिकडून भर पडत ट्रंक भरली, ती गोष्ट वेगळी.

इतक्या जणांच्या वस्तू एका भिंतीवर म्हटल्यावर अडचण जागेची नसते, सरकण्याची असते. एक नवा नकाशा आला की शेजारच्या चार फ्रेमनी हलायचं, त्यांची जुनी भोकं उघडी पडायची, ती बुजवायची, नवी पाडायची. विटांच्या भिंतीत तर बुजवलेलं भोक लपतही नाही. पट्टी घेण्याचं खरं कारण हे. वजन काय, साधा जाड खिळाही पेलतो.

बसवण्याचं काम अवघड नाही, पण धीर हवा. पट्टी वरून एका सरळ रेषेत गेली नाही तर खालची प्रत्येक फ्रेम ते ओरडून सांगते, त्यामुळे पाणसळ लावून आधी पूर्ण रेघ मारून घ्या. छताच्या कडेवर विश्वास ठेवू नका. जुन्या इमारतींची छतं क्वचितच समतल असतात. उघड्या विटा असतील तर भोक विटेत पाडायचं की दर्जेत, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यात, हा प्रश्न येतो. दर्जेतलं भोक पुढे सहज बुजवता येतं म्हणून बरेच जण तिथे पाडायला सांगतात. आमची दर्ज चुन्याची आणि भुसभुशीत, नखाने उकरली तरी निघणारी. तिथे स्क्रू धरून ठेवणारा रॉलप्लग कसला टिकतोय? विटेतच पाडली. पट्टी एकदाच बसते, त्यामुळे ही भोकं कायमची राहिली तरी चालतात. शिवाय पट्टीखाली झाकली जातात.

संचातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हूक. हुकाच्या डोक्यावर शेंगदाण्याच्या अर्ध्या डाळीएवढी एक कळ आहे. ती दाबली की हूक तारेवरून वर-खाली सरकतो, सोडली की आतली स्प्रिंग तार आवळून धरते. खाली वजन आलं की पकड आणखी घट्ट होते. म्हणून फ्रेम लटकलेली असताना कळ कितीही दाबा, हूक हलत नाही. आधी एका हाताने फ्रेम किंचित उचलायची, मग दुसऱ्या हाताने कळ. हे खोक्यातल्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. कागदावर चित्रं आहेत, आणि त्या चित्रांतल्या माणसाला बहुधा तीन हात असावेत. तारेचं वरचं टोकही हुशारीने केलंय: पट्टीच्या खाचेत आडवं घालायचं, पाव वळसा द्यायचा, अडकतं. शिडी न हलवता तार डावी-उजवीकडे ढकलता येते.

तारा दोन प्रकारच्या मिळतात, पोलादी आणि पारदर्शक नायलॉनच्या. पारदर्शक तार दिसत नाही असं विकणारे सांगतात. पांढऱ्या गुळगुळीत भिंतीवर ते खरं असेलही. आमच्याकडे खिडकीतून तिरकं ऊन आलं की प्रत्येक नायलॉन तार चकाकायला लागते. विटांवर पोलादी तारच बरी. ती गडद पार्श्वभूमीत हरवते, शिवाय ताणली जात नाही. नायलॉन जड फ्रेमखाली हळूहळू लांबते, आणि दोन तारांवरच्या फ्रेमची एक बाजू जरा जास्त लांबली की नकाशातली उत्तर दिशा कलते. नवऱ्याला हे सहन होत नाही.

एका फ्रेमला दोन तारा लावा, एक नको. एका तारेवर फ्रेम दार आपटलं तरी हलते. मागच्या कड्या फ्रेमच्या वरच्या टोकाजवळ घ्या. खाली असतील तर फ्रेम पुढे झुकते. खालच्या दोन कोपऱ्यांना नमद्याचे ठिपके चिकटवले की भिंतीवर ओरखडेही पडत नाहीत.

किती उंचीवर लावायचं यावर आमच्याकडे बरीच खडाजंगी झाली. संग्रहालयांत आणि गॅलऱ्यांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटरवर, म्हणजे ५७ इंचांवर ठेवायची पद्धत आहे. उभ्या माणसाची नजर तिथे पोचते. नवरा टेप घेऊन त्याच आकड्यावर अडून बसला. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, “अरे, मी दिवसभर बसून असते. तुझ्या उभ्या पाहुण्यांसाठी लावतोयस का घर?” मुद्दा बिनतोड होता. शिवाय साडेचार मीटरच्या भिंतीवर सगळं एकाच रेषेत लावलं की वर नुसती ओसाड वीट उरते. पॅरिसच्या जुन्या सलोन प्रदर्शनांत चित्रं खालपासून पार छतापर्यंत खेटून लावत. आम्ही मधली वाट काढली. मोठे, लांबून वाचता येणारे नकाशे वर. बारीक काम असलेलं सगळं बसलेल्या माणसाच्या नजरेला. आणि काड्यापेट्यांची लेबलं आणखी खाली, कारण ती बघायला येणाऱ्यांची उंचीच तेवढी असते. पट्टी असल्यामुळे हे ठरवायला कुणाचं मन मोडावं लागलं नाही. लावून बघितलं, खाली घेतलं, पुन्हा बघितलं.

नवऱ्याचा आदर्श डोनाल्ड जड हा अमेरिकन कलावंत. त्याने १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या सोहोमधली ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागाची पाच मजली इमारत घेतली, कुटुंबासह तिथे राहिला, आणि प्रत्येक वस्तूची जागा अशी विचारपूर्वक ठरवली की ती तिथून हलता कामा नये. बघायला ते अप्रतिम आहे. पण त्या घरात ठरवणारा एकच होता. मला जास्त जवळचा वाटतो लंडनचा वास्तुविशारद जॉन सोन. त्याने १८२४ मध्ये आपल्या घरातल्या एका लहानशा खोलीच्या भिंतींना बिजागरीची फळी बसवून घेतली. कपाटाच्या दारासारखी भिंत उघडते, आत आणखी चित्रं. एवढ्याशा खोलीत शंभरावर चित्रं मावली. गंमत अशी की याच माणसाने १८३३ मध्ये संसदेचा कायदा करवून घेतला: आपल्या मृत्यूनंतर घर शक्य तितकं जसंच्या तसं राहावं. हलत्या भिंतींचं घर कायद्याने स्थिर! असो. आमच्या घरात तसला कायदा आणायची कुणाची टाप नाही.

आता दिव्यांबद्दल. संचाबरोबर पट्टीत अडकवायचे छोटे एलईडी दिवे मिळतात. प्रकाश निळसर, आणि त्यात लाल रंग मेल्यासारखा दिसतो. आईच्या भरतकामातला कुंकवासारखा लाल त्या दिव्याखाली विटकरी दिसला, तेव्हाच मी तो काढून ठेवला. दिवा घेताना खोक्यावर सीआरआय हा आकडा बघा, त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. ९० च्या वर हवा. प्रकाशाचा रंग २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर. आणि दिवा चित्राच्या डोक्यावर नको, थोडा पुढे छतावर हवा, उभ्या रेषेपासून तीसेक अंशांचा कोन करून. जास्त तिरका झाला की काचेत चमक येते, फारच सरळ झाला की चौकटीची सावली चित्रावर पडते. या संचातल्या दिव्याची दांडी इतकी आखूड आहे की हा कोन जमतच नाही. आम्ही छताच्या तुळईवर वेगळे दिवे लावले.

आणि खिडकी! मोठ्या खिडक्यांच्या घरात ही गोष्ट कुणीच सांगत नाही म्हणून लिहिते. कापड, जलरंग, जुना छापील कागद यांच्यासाठी संग्रहालयं साधारण ५० लक्स प्रकाश ठेवतात (लक्स हे उजेड मोजायचं माप). भर उन्हात बाहेर लाखभर लक्स असतो, खिडकीजवळ घरातही तो सहज हजारांत जातो. उडालेला रंग परत येत नाही, आणि थोडा प्रकाश पुष्कळ काळ किंवा पुष्कळ प्रकाश थोडा काळ, नुकसान जवळपास सारखंच. काचेवर अतिनील किरण अडवणारी फिल्म लावली की फरक पडतो, पण दिसणारा प्रकाशही रंग खातोच. म्हणून खिडकीच्या बाजूला आमच्याकडे कुलपं, कॅमेरे आणि दगड, आणि कापड-कागद सगळं आतल्या भिंतीवर. भरतकामाचे तुकडे पाळीपाळीने लागतात. एक भिंतीवर, बाकीचे ट्रंकेत विश्रांतीला. पट्टीमुळे ही अदलाबदल चहा उकळेपर्यंत होते. खिळ्यांच्या काळात मी ती वर्षानुवर्षं पुढे ढकलली असती.

जिथे पट्टीचा उपयोग नाही, तेही सांगते. वस्तूंना फ्रेम नसते. कुलपं आधी घरभर विखुरलेली होती, एक टेबलावर, दोन खिडकीत, आणि येणाऱ्याला वाटायचं दुरुस्तीला काढून ठेवली आहेत. सगळी एका लाकडी फळीवर, लहान-मोठी अशी लावली आणि ती फळी चार तारांवर टांगली, तेव्हा पहिल्यांदा तो संग्रह दिसला. अशा फळीचं वजन करून बघा आणि हुकावर लिहिलेल्या मर्यादेच्या निम्म्यावर थांबा. लोखंड अंदाजापेक्षा फार जड असतं. फळीवर शेवटी जागा उरली आहे, ती सासूबाईंनी मुद्दाम ठेवून घेतली.

मांडणीवर ठेवलेल्या वस्तूंसाठी संग्रहालयात वापरतात तसं मऊ मेण वेगळं घ्यावं लागतं. लाकडी जमिनीवर मुलं धावली की मांडणीवरचे दगड आणि शंख हळूहळू कडेकडे चालायला लागतात. वस्तूच्या बुडाला ज्वारीच्या दाण्याएवढं मेण लावून दाबायचं आणि किंचित फिरवायचं, काढतानाही फिरवूनच. पॉलिश नसलेल्या लाकडाला आणि सच्छिद्र दगडाला ते डाग पाडतं, तिथे नको. मुलीचे बरेचसे दगड सच्छिद्र निघाले, त्यामुळे तिच्या मांडणीला पुढे बोटभर उंचीची काठाची पट्टी ठोकून दिली.

तक्रारी दोन. ज्यांच्याकडून संच घेतला त्यांनी पोलादी तारांबरोबर नायलॉन तारेसाठीचे हूक पाठवले. दिसायला अगदी सारखे, पण पोलादी तारेवरून घसरतात. बदलून मिळाले, पण ‘तुम्ही नीट दाबले नसतील’ हे ऐकून घेतल्यावर. खोकं उघडल्याबरोबर हूक रिकाम्या तारेवर जोरात ओढून बघा, फ्रेम लावण्याआधी. दुसरी तक्रार पट्टीच्या जोडांची. लांब भिंतीवर दोन तुकडे जोडावे लागतात आणि त्या जोडावर तारेचं टोक अडतं, सरकत नाही. जोड अशा जागी येऊ द्या जिथे एरवीही काही लावणार नाही, म्हणजे खांबामागे किंवा कोपऱ्याजवळ.

भाड्याच्या घरात राहत असाल तर पट्टीची भोकं पाडण्याआधी मालकाला विचारा. फ्रेमच्या भोकांपेक्षा कमीच पडतील हा युक्तिवाद बहुतेकदा चालतो. चार-पाचच चित्रं असतील आणि ती हलणार नसतील तर हा खर्च करू नका, खिळे मारा. आणि रंग निवडायचा असेल तर पांढऱ्या भिंतीवर पांढरी, विटेवर काळी. चंदेरी कुठेच नको, ती ऑफिससारखी दिसते.