दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले तरी घूं थांबली नाही, आणि मी ८६,००० रुपये मोजून आलो

आकडा आधीच सांगतो. ८६,००० रुपये. खोट्या निघालेल्या बेस गिटारचे ६६,०००, ॲम्पचे (तिचा आवाज वाढवणाऱ्या स्पीकरच्या डब्याचे) २०,०००. त्यातले ५,००० टोकन म्हणून यूपीआयवर, ४०,००० समोर उभं राहून यूपीआयवर, आणि ४१,००० रोख, पाचशेच्या नोटांत. ही रक्कम लग्नांच्या रिसेप्शनला, फेस्ताच्या (चर्चच्या जत्रेच्या) डान्सला आणि तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकाच्या, बँडमध्ये बसून रात्री-रात्री वाजवून जमवलेली होती. बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. इथे लिहितोय, कारण मला हा माल विकणारा माणूस किंवा याच टोळीतला दुसरा कोणी पुढच्या सीझनला आणखी एखाद्या वाजवणाऱ्याला गाठणार आहे.

'परदेशी माणूस गोवा सोडून चाललाय, सामान स्वस्तात काढतोय' ही गोष्ट कुठल्या गोवेकराला नवी आहे? आपल्याकडे स्कूटर, फ्रिज, सर्फबोर्ड, गाद्या, सगळं असंच हातोहात जातं. माझ्या ओळखीतल्या दोघांनी चांगले कीबोर्ड असेच घेतलेत आणि ते आजही वाजतायत. त्यामुळे कोणी 'असल्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवलास' असं विचारलं की डोक्यात तिडीक जाते. विश्वास ठेवण्यासारखीच गोष्ट होती ती.

माझा जुना बेस फेंडर या नामांकित अमेरिकन कंपनीच्या प्रिसिजन मॉडेलच्या धर्तीचा, अकरा वर्षं वापरलेला. २०२४ च्या पावसाळ्यात नेक, म्हणजे गिटारची मान, वाकली. ती सरळ करणारा आतला ट्रस रॉड शेवटापर्यंत आवळला तरी सरळ होईना, पहिल्या फ्रेटपासूनच तारा उंच. तुळशीचं लग्न उरकलं की आमच्याकडे हॉल भरायला लागतात, मग नाताळ, मग थर्टी फर्स्ट, मग जानेवारीतली लग्नं. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, बँड बसून असतो, म्हणजे कमवायचे दिवस हेच. भाड्याचा बेस एका रात्रीचे १,५०० खात होता. घाई होती. ती नाकारत नाही.

फोटो ओळखीतून आला. सनबर्स्ट रंगाचा जाझ बेस (फेंडरचंच दुसरं मॉडेल), हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या टोकाला, फेंडरचं नाव, अमेरिकन बनावटीचा. विकणारा साधारण पस्तिशीचा, हिंदी-इंग्रजी बोलणारा, प्रत्येक वाक्याला 'ब्रो'. सामान त्याचं नाही, एका इंग्रज मित्राचं, त्याचा व्हिसा संपला, तो परत गेला. त्या इंग्रजानं हा बेस २००४ मध्ये नवा घेतला होता म्हणे. नव्या अमेरिकन जाझ बेसची इथली किंमत यापेक्षा कितीतरी वर जाते, तेव्हा वीस वर्षं जुन्याचे ६६,००० मला पटले. मातीमोलानं देतोय असं असतं तर मी सावध झालो असतो. भाव अगदी हिशेबानं लावलेला होता. जास्तच स्वस्त भाव सगळ्यांना कळतो, फसवणूक नेमक्या पटणाऱ्या भावात होते.

२२ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार. म्हापशाचा बाजार, त्यात आदल्याच दिवशी जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन सुरू झालेलं, रस्ते तुंबलेले. बार्देशच्या किनारपट्टीवरच्या त्या खोलीपर्यंत पोचायला दोन तास लागले. रात्री शो होता, त्यामुळे तिथून लवकर निघायचं होतं.

खोलीत एक पलंग, दोन बॅगा भरून ठेवलेल्या आणि भिंतीला टेकवलेला बेस. त्यानं बेस माझ्या हातात दिला आणि आपणहून म्हणाला, "जी स्ट्रिंगपे पाँचवे-सातवे फ्रेट के आसपास नोट थोडा जल्दी मरता है, ब्रो. ओरिजिनल में होता है. पहले ही बता देता हूँ." हे खरं आहे. बोल्टनं जोडलेल्या लांब नेकच्या बेसमध्ये, खऱ्या फेंडरमध्येसुद्धा, तिथं स्वर लवकर विरतो. हे ज्याला ठाऊक आहे आणि जो आपल्याच मालाचं वैगुण्य आधी सांगतो, तो प्रामाणिक असणार असं मला वाटलं. आज कळतं की ते वाक्य पाठ केलेलं होतं. विकणारा स्वतःहून एक बारीक दोष दाखवतो तेव्हा तो मोठा दोष झाकत असतो, हे लक्षात ठेवा.

आता तो क्षण. रोज रात्री हा क्षण डोळ्यांसमोर येतो.

केबल लावली, ॲम्प चालू केला. घूं... असा आवाज. जाझ बेसमध्ये तारांचा कंप पकडणारे दोन सिंगल कॉइल पिकअप असतात, प्रत्येकाचा व्हॉल्यूम वेगळा. एकट्या पिकअपवर घूं येणारच. पण हे दोन्ही एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात आणि त्यांचं चुंबकही उलट असतं, म्हणून दोन्ही व्हॉल्यूम सारखे पूर्ण उघडले की एकाची घूं दुसऱ्याची मारते आणि बेस शांत होतो. हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं, दुसऱ्याच्या बेसवर ऐकलेलंही होतं. मी दोन्ही नॉब पूर्ण फिरवले. घूं थांबली नाही. उलट वाढली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसला, त्यानं तारांवर हात ठेवला, आवाज कमी झाला. "देखा? अर्थिंग का लफडा है. गोवा में रेंट के रूम में अर्थिंग कहाँ होता है?"

आणि मी मान डोलावली.

अकरा वर्षं मी स्प्लिट पिकअपवर, म्हणजे प्रिसिजनच्या दोन तुकड्यांच्या पिकअपवर, वाजवत आलो. तो एकटाच शांत असतो, त्याला असली तपासणी लागतच नाही, म्हणून कानाला ती सवय नव्हती. आणि अर्थिंगचं म्हणाल तर खरोखरच अर्ध्या हॉलांमध्ये अर्थिंगची बोंब असते, आम्ही रोज भोगतो. पण तारांना हात लावल्यावर घूं कमी होणं ही वेगळी गोष्ट आणि दोन पिकअपनी एकमेकांची घूं मारणं ही वेगळी. पहिली कुठल्याही पाचशे रुपयांच्या गिटारवरही होते. दोन्हींतला फरक मला कळत होता. ती दहा सेकंदं मी तिथंच थांबायला हवं होतं. नेकचे चार स्क्रू उघडून दाखव, एवढंच म्हणायला हवं होतं. म्हणालोही, अर्धवट. तर म्हणे स्क्रूचे आटे गेलेत, आता उघडला तर पुन्हा बसणार नाही. मी गप्प. कुठल्याही वापरलेल्या बोल्ट-ऑन बेसचे स्क्रू जो उघडू देत नाही, त्याच्या दारातून त्याच क्षणी बाहेर पडा. स्वतःचा स्क्रूड्रायव्हर न्या. स्वतःची केबल न्या.

ॲम्पबद्दल फार लिहीत नाही. खोलीत हळू आवाजात गोड वाजला, म्हणून घेतला.

३० नोव्हेंबरला पहिलं रिसेप्शन. साउंडचेकलाच साउंडवाल्यानं डीआय बॉक्सचा (बेस मिक्सरला जोडणाऱ्या डब्याचा) ग्राउंड उचलून पाहिला, जॅक बदलला, लाइन बदलली, घूं तशीच. शेवटी त्यानं माझी लाइन एवढी खाली घेतली की मलाच मी ऐकू येईना. एसी हॉलमध्ये दोन तासांत ए तार तीनदा उतरली. बाराव्या फ्रेटवर जी तार चक्क चढी बोलत होती आणि ब्रिजवरचं सॅडल (तारेची लांबी जुळवणारा तुकडा) मागे न्यायला जागाच शिल्लक नव्हती. मध्यंतरात ॲम्प थोडा उघडला, तर खालच्या उघड्या ई तारेवर स्पीकर फाटल्यासारखा फडफडायला लागला. ई म्हणजे ४१ हर्ट्झ. एवढ्या खालच्या स्वराला स्पीकरचा कोन खूप पुढे-मागे हलतो, त्यासाठी बनवलेला स्पीकरच लागतो. आतमध्ये बेसचा स्पीकर काढून साध्या गिटार ॲम्पचा बसवलेला होता, हे नंतर कळलं. ड्रमर मागून ओरडला, "अरे, कितें हें?" सगळ्या पाहुण्यांसमोर. बँडलीडरनं त्या रात्रीचे माझे ३,५०० कापले. वीस वर्षांत माझे पैसे कोणी कापले नव्हते.

सोमवारी मडगावला गिटार दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या माणसाकडे गेलो. त्यांनी चारही स्क्रू सहज काढले. आटे शाबूत होते. नेक बाहेर आली आणि नेकच्या खोबणीत, जिथं रंग कच्चा असतो, तिथं लाकडाचे थर दिसले. एकावर एक चिकटवलेले, प्लायवूडसारखे. नेकच्या टाचेवर कसलाही शिक्का नाही. ट्रस रॉडचा नट नुसताच गरगर फिरला, पलीकडे काही पकडतच नव्हतं. कंट्रोल प्लेट उचलली तर नॉबखाली बोटाच्या पेराएवढे बारके पॉट (आवाज कमी-जास्त करणारे भाग). मल्टिमीटर लावला, पुढच्या आणि मागच्या दोन्ही पिकअपवर होकायंत्र धरलं. दोन्हीकडे सुई एकाच दिशेला वळली. दोन्ही पिकअप सारखेच, म्हणजे घूं मरणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी सिरियल नंबर वाचला. सुरुवात यूएस१२. मला म्हणाले, "बाबा, यूएस अक्षरांनी सुरू होणारे नंबर फेंडरनं २०१० पासून घातलेत, पुढचे दोन आकडे वर्षाचे. हा नंबर २०१२ चा. तुझा इंग्रज २००४ मध्ये तो घेणार कसा?"

नंबर माझ्या डोळ्यांसमोर होता. फोटोतसुद्धा होता. फोनवर पाहायला दोन मिनिटं लागली असती. त्यांनी बेसची किंमत ९,००० लावली आणि वर म्हणाले, दुरुस्तीला पैसे घालू नकोस. माझ्याकडून त्यांनी काही घेतलं नाही. पाचशे-हजार देऊन असा माणूस आधीच सोबत न्या. अर्धा दिवस बुडाला तर बुडू दे.

त्यानंतर जे झालं त्याचा राग फसवणाऱ्यावरच्या रागापेक्षा कमी नाही.

त्याच रात्री १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी फक्त यूपीआयचे ४५,००० नोंदवले. रोखीचा पुरावा काय? म्हटलं, बँकेतून काढल्याची नोंद आहे. ते म्हणाले, दिल्याची नाही. पहिल्याच दिवशी कळवलं असतं तर खातं गोठवता आलं असतं, आता दहा दिवस झालेत. म्हणजे बेस वाजवून, उघडून, खोटा आहे हे कळेपर्यंतचे दहा दिवस माझाच गुन्हा. बँकेत गेलो, तर तुम्ही स्वतः पिन टाकलात, आम्ही काय करणार? पैसे दुसऱ्या राज्यातल्या एका बाईच्या खात्यात गेले होते आणि त्याच संध्याकाळी काढलेलेही होते. पैसे देताना समोर जे नाव झळकतं ते वाचा, विकणारा पुरुष आणि खातं बाईचं असेल तर हात थांबवा. मी विचारलं होतं, तो म्हणाला बहिणीचं आहे.

४ डिसेंबरला किनाऱ्यावरच्या पोलीस ठाण्यात गेलो. दोन तास बाकावर. मग एकानं विचारलं, गिटार आहे ना? वाजते ना? मग फसवणूक कसली? बघून, वाजवून, पैसे मोजून घेतलीत, हे दिवाणी प्रकरण. मी नेकचे फोटो, नंबरचे फोटो पुढे केले. त्यांनी फोनला हातही लावला नाही. तुम्ही राहता तिथल्या ठाण्यात जा, पैसे तिथून पाठवलेत. घरापासून ४५ किलोमीटर लांब आलो होतो. दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या ठाण्यात, तर वस्तू जिथं घेतली तिथं जा. मी म्हटलं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी तक्रार घ्यावी लागते. हे म्हटल्यावर तिथला माणूस चिडलाच. आमची माणसं जुन्या गोव्याच्या बंदोबस्ताला आहेत, तुम्हाला कायदा शिकवायचाय? शवप्रदर्शनाला लाखो भाविक येतात, बंदोबस्त लागतो, हे मलाही मान्य आहे. पण एक पान लिहून घ्यायला किती माणसं लागतात? तिसऱ्या खेपेला, एका वकिलाला सोबत नेल्यावर, अर्जावर शिक्का मिळाला. गुन्हा नोंद नाही, नुसता अर्ज. त्या खोलीच्या मालकाकडे भाडेकरू पडताळणीचा फॉर्म आहे का, एवढं तरी विचारा म्हटलं. मी स्वतः विचारून आलो. फॉर्म भरलेलाच नव्हता. चार रात्रींचं भाडं रोख घेऊन खोली दिलेली. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. ग्राहक आयोगाचंही वकिलांना विचारलं. खाजगी माणसानं एकदा आपली जुनी वस्तू विकली, तर तिथं केस टिकवणं कठीण, असं ते म्हणाले.

लेखी घ्या. फोटोसकट, सिरियल नंबर लिहून, 'अस्सल आहे, नसल्यास पैसे परत' असं एका ओळीत सहीनं लिहून घ्या, ओळखपत्राची प्रत घ्या. जो लिहून द्यायला कां-कूं करतो त्याला ५,००० चं टोकनसुद्धा देऊन अडकू नका. मी आधी टोकन दिलं होतं, म्हणूनच खोलीत मागे फिरणं जड गेलं. आणि शोच्या दिवशी काहीही विकत घ्यायला जाऊ नका.

जानेवारीत मी पुन्हा भाड्याच्या बेसवर वाजवलं. तो खोटा बेस घरी खाटेखाली आहे. कोणी ९,००० देऊ केले तरी मी विकणार नाही, कारण तो पुन्हा कोणाच्या तरी हाती फेंडर म्हणूनच जाईल. फेब्रुवारीत आमच्या ड्रमरला एकानं फोटो पाठवला. जाझ बेस, या वेळी काळा, किंमत ५८,०००, मालक एक जर्मन, परत चाललाय. फोटो मोठा करून हेडस्टॉक पाहिला. यूएस१२, आणि पुढचे सहा आकडे तेच, माझ्या खाटेखालच्या बेसवरचे. तो फोटो घेऊन मी पुन्हा ठाण्यात गेलो, अर्जाला जोडा म्हटलं. साहेब रजेवर आहेत, सोमवारी या, असं सांगितलं.