आधी ऐका, मग बघा: हार्वर्डची सेन्सरी एथनोग्राफी लॅब

मी डॉक्युमेंटरीचं साउंड करतो, म्हणून हार्वर्ड विद्यापीठाच्या या लॅबचं (माणसांचं जगणं आवाज आणि दृश्यांतून टिपणारी, सिनेमे बनवणारी प्रयोगशाळा) काम आधी ऐकतो. २००६ साली सुरू झालेल्या लॅबचे बरेचसे सिनेमे निवेदकाशिवाय. अर्थ तुमचा तुम्ही लावायचा. नेपाळच्या रोपवेवरचा २०१३चा ‘मनकामना’ घ्या. देवीच्या दर्शनाला जाणारी-येणारी माणसं, कॅमेरा समोर पक्का, एक फेरी म्हणजे १६ एमएम फिल्मचं साधारण एक रीळ. दोघी बायका आइस्क्रीम खातात, ते हातावर ओघळतं नि त्यांना हसू आवरत नाही. एका ट्रॉलीत नुसत्या शेळ्या (कशाला चालल्यात ते कळतंच). खांब आला की खडखडाट, तेवढंच पार्श्वसंगीत! घाईतल्या माणसाला कंटाळा येणार. आमच्या घरी आलाच. मला मात्र शाळेत बसल्यासारखं वाटलं. हेडफोन लावाच, मोबाइलच्या स्पीकरवर अर्धा सिनेमा वाया जातो.