जुन्या लँड रोव्हरच्या बॉनेटला आतून उघडणारा खटका : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या घरी १९६० ची लँड रोव्हर सीरीज टू आहे. ८८ इंच व्हीलबेस, २,२८६ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि वर कडक छप्पर. गोवा पोर्तुगीज अमलाखाली असताना ती खाणीच्या कामासाठी इथे आली, आणि बाबांनी ती पुढे डिचोलीच्या एका कंत्राटदाराकडून विकत घेतली. या गाडीचे बॉनेट बाहेरूनच उघडते. जाळीच्या वरच्या बाजूला बोटे घालून तिथली दांडी सरकवली की खटका सुटतो. त्याला किल्ली नाही, कुलूप नाही. ज्या काळात गाडी बांधली गेली त्या काळात कुणाला त्याची अडचण वाटली नसावी. मला ती गेल्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या शुक्रवारी वाटली. म्हापशाच्या बाजारात माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचे, सामान घेऊन परत आलो तेव्हा दारे नीट बंद होती, काचा शाबूत होत्या आणि बॅटरी मात्र जागेवर नव्हती. या गाडीत बॅटरी पुढे, रेडिएटरजवळ असते. बॉनेट उघडणाऱ्याला ती काढायला दोन पाने आणि पाच मिनिटे पुरतात.

त्यानंतर मी दोन पर्यायांचा विचार केला. बॉनेटच्या पुढच्या कडेला कडी लावून कुलूप घालणे हा स्वस्त मार्ग होता, पण त्यासाठी ॲल्युमिनियमच्या मूळ पत्र्याला भोके पाडावी लागली असती आणि ते माझ्या मनाला पटेना. दुसरा मार्ग म्हणजे खटक्याला केबल जोडून तिची मूठ केबिनमध्ये आणणे. पुढे डिफेंडर या नावाने ओळखल्या गेलेल्या गाड्यांना कंपनीनेच अशी आतली केबल दिली होती, त्यामुळे ही कल्पना या घराण्याला परकी नाही. नोव्हेंबरात मी हे काम करून घेतले. तेव्हापासूनच्या नऊ महिन्यांत कोरडा उन्हाळाही गेला आणि गोव्याचा जून-जुलैही, म्हणून आता लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आला आहे असे वाटते.

काम ज्यांनी केले ते मिस्त्री वयाने बाबांच्या बरोबरीचे आहेत आणि त्यांनी हातात पाना घेण्याआधी मला एकच गोष्ट विचारली. "आतून उघडायची सोय मी दोन दिवसांत करून देतो. पण तार तुटेल त्या दिवशी बॉनेट कसे उघडणार, ते तुम्ही आधी ठरवा." बाहेरची दांडी काढून टाकली की आतली तार हाच एक मार्ग उरतो, आणि ती तार तुटली तर इंजिनापर्यंत हात पोचवायला जाळी तोडावी लागते. म्हणून त्यांनी खटक्याला दोन तारा जोडल्या. एक केबिनमधल्या मुठीकडे गेली आणि दुसरी, आखूड, गाडीच्या खालच्या अंगाला अशा ठिकाणी नेऊन संपवली की जमिनीवर आडवे होऊन हात वर घातल्याशिवाय ती सापडत नाही. ती जागा मी अर्थातच इथे लिहीत नाही. हा अनुभव लिहिण्यामागे माझे मुख्य सांगणे मात्र या दुसऱ्या तारेबद्दलच आहे, आणि ते पुढे येईल.

मुठीची जागा ठरवताना गाडीच्या इतिहासाने मदत केली. लँड रोव्हर डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही स्टीअरिंगसाठी बांधली जात असल्याने इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या बल्कहेडवर न वापरलेल्या बाजूची भोके झाकणपट्टी लावून बंद केलेली असतात. पोर्तुगालने १९२८ मध्ये आपली वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूला नेली तरी गोव्यात ती डावीकडूनच राहिली, त्यामुळे आमच्या गाडीचे स्टीअरिंग उजवीकडे आहे आणि बंद भोके डावीकडे. त्यांतल्याच एका झाकणपट्टीतून, ग्रॉमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी रबरी कडी, बसवून, आम्ही केबल आत घेतली. बल्कहेडला नवे भोक पाडावे लागले नाही. उद्या मूळ स्थितीत जायचे ठरले तर एक पट्टी बदलली की झाले. मूठ डाव्या आसनासमोरच्या फळीखाली आहे. चालवणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही ही गैरसोय मला सोयीची वाटते, कारण चालत्या गाडीत चोक समजून कुणी ती ओढण्याचा प्रश्नच येत नाही.

केबल बॅटरीच्या जवळून जाते, आणि इथे जुन्या ब्रिटिश गाड्या असलेल्यांनी विशेष लक्ष द्यावे. आमच्या गाडीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले आहे, म्हणजे जिवंत टोक ऋण आहे. आजच्या गाड्यांची सवय असलेला कोणताही हात सवयीने धन टोकालाच रबरी टोपी घालतो आणि ऋण टोक उघडे ठेवतो. केबलचे बाहेरचे आवरण पोलादी वेटोळ्याचे असते आणि ते बॉडीला टेकलेलेच असते. ते घासून उघडे पडले आणि जिवंत टोकाला लागले तर ठिणगी, आणि तीही पेट्रोलच्या नळ्या असलेल्या जागी. आम्ही केबलला त्या पट्ट्यात रबरी नळी चढवली, दोन ठिकाणी क्लिपने आवळून ती बॅटरीपासून चार बोटे दूर ठेवली आणि टोप्या दोन्ही टोकांना घातल्या.

पहिली चूक दुसऱ्याच आठवड्यात कळली. साखळीहून पणजीला येताना ताशी साठच्या आसपास वेग असेल, तेव्हा बॉनेटची पुढची कड दोन बोटे वर उचलली गेली आणि वाऱ्यावर थरथरू लागली. आमच्या गाडीत खटक्याखेरीज एक वेगळा सुरक्षा आकडा आहे आणि त्यात आम्ही मुद्दाम काही बदल न करता तो बाहेरूनच सुटेल असा ठेवला होता. त्याने बॉनेट धरून ठेवले. हे बॉनेट मागे, काचेच्या पायथ्याशी बिजागरीवर फिरते. आकडा नसता तर वाऱ्याने ते उलटून सरळ समोरच्या काचेवर आपटले असते. कारण साधे निघाले. केबल घट्ट ओढून बांधल्यामुळे खटका पूर्ण आत जातच नव्हता, तो अर्ध्यावर अडत होता आणि वरून मात्र बंद वाटत होता. मिस्त्रींनी आतल्या तारेला तीन मिलिमीटर ढील दिली तेव्हापासून तो त्रास पुन्हा झालेला नाही. मूठ सोडलेली असताना तार किंचित सैल हाताला लागली पाहिजे. बॉनेट बंद केल्यावर पुढच्या कडेला दोन्ही हातांनी वर ओढून पाहण्याची सवय मी त्या दिवसापासून लावून घेतली आहे. ज्यांना केबिनमधूनच सगळे सुटावे असे वाटत असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की सुरक्षा आकडा केबलला जोडू नका.

उन्हाळाभर मूठ दोन बोटांनी ओढली तरी खटका सुटत असे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिला सबंध मूठ लागू लागली, आणि जुलैच्या सुरुवातीला तर पाय रोवून ओढावे लागे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवेत खार असतो, आणि मी बसवलेली पहिली केबल साधी, आत अस्तर नसलेली होती. पाणी रेडिएटरच्या बाजूच्या उघड्या टोकातून आवरणात शिरले, वेटोळ्याच्या सखल भागात साचले आणि तार आतल्या आत गंजू लागली. मी जोर वाढवत गेलो, केबल बदलली नाही. तो निष्काळजीपणा होता.

त्याचा परिणाम चोडणला झाला. मयेमार्गे चोडणला येऊन रायबंदरच्या फेरीबोटीसाठी रांगेत उभा होतो. पावसाने उघडीप दिली होती, रांग पुढे सरकत नव्हती आणि तापमानाचा काटा वर चढत होता. पाणी पाहावे म्हणून डावे दार उघडून मूठ ओढली, तर मूठ तारेसकट वीतभर बाहेर आली आणि पुढे काहीच सुटले नाही. तारेच्या टोकाला असलेले निपल, म्हणजे खटक्याच्या खोबणीत अडकणारा पितळी दाणा, घसरला असेल असे मला आधी वाटले. घरी आल्यावर पाहिले तर खटक्याकडच्या टोकाला गंजलेले धागे एकेक करून तुटले होते आणि दाणा तिथेच अडकून राहिला होता. रांगेत मात्र हे शोधत बसायला वेळ नव्हता. मी पोते अंथरून गाडीखाली आडवा झालो, चिखलात कोपर टेकून दुसरी तार शोधली आणि ओढली. खटका सुटला. पंख्याचा पट्टा सैल झाला होता, तो आवळून पुढच्या फेरीने पलीकडे गेलो. ती आखूड तार नसती तर उकळते इंजिन घेऊन मला त्या धक्क्यावर जाळीचे स्क्रू काढत बसावे लागले असते.

त्यानंतर घातलेली केबल नायलॉनचे अस्तर असलेली आहे. तिच्या पुढच्या टोकाला रबरी टोपी आहे, आणि वाटेतले वळण कुठेही बशीच्या घेरापेक्षा लहान राहणार नाही असे मिस्त्रींनी ते नव्याने काढले. दाणा दाबून न बसवता सोल्डर केला आहे. जुलैचा उरलेला सगळा पाऊस या केबलने पाहिला आणि मूठ पुन्हा दोन बोटांवर आली आहे. पहिल्या केबलला लागलेले पैसे वाया गेले असेच म्हणावे लागेल. दोन्ही केबली, खटक्याची पट्टी, मूठ आणि मजुरी धरून मला साडेचार हजार रुपये खर्च आला, आणि सुरुवातीलाच अस्तराची केबल घेतली असती तर त्यातले आठशे वाचले असते.

आणखी एक बारकावा किनारपट्टीवर राहणाऱ्यांसाठी. लँड रोव्हरच्या बॉडीचा बराचसा पत्रा बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे, आणि खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम पोलादाला टेकले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. गंजत नाही म्हणून स्टेनलेसचे बोल्ट वापरले तर बोल्ट चकचकीत राहतो आणि त्याच्याभोवतीचा पत्रा पांढऱ्या भुकटीसारखा होऊन फुगतो. बॉनेटच्या खालच्या अंगाला खटक्याची खुंटी जिथे बसते तिथे आम्ही नायलॉनचे वायसर आणि पातळ रबरी पट्टी मध्ये घातली आहे. नऊ महिन्यांनी खुंटी काढून पाहिली, रंगाखाली फुगवटा नाही.

हे सगळे करताना मी मूळ भागांपैकी काहीही फेकलेले नाही. बाहेरची दांडी तेल लावून कापडात गुंडाळून ठेवली आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार व्हीए मालिकेची नोंदणी घ्यायची असेल तर गाडी मूळ रूपात असावी लागते, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. बाबांची तशी इच्छा आहे, म्हणून कुठेही न कापता, न जोडता हे काम करण्यावर माझा कटाक्ष होता.

कापडी छपराच्या गाडीला मात्र मी हे सुचवणार नाही. आतली मूठ केबिनच्या दाराइतकीच सुरक्षित असते, आणि कापड उचलून हात आत घालता येत असेल तर चोराला आणखी सोपे जाते. कडक छप्पर आणि चालती कुलपे असतील तरच हा खर्च करावा. आमच्याकडे डाव्या दाराचे कुलूप कित्येक वर्षे नीट लागत नव्हते, ते आधी दुरुस्त करून घेतले.

म्हापशाला यंदाही चवथीच्या बाजाराला हीच गाडी नेणार आहे. दुसरी तार दर महिन्याला एकदा, गाडीखाली जाऊन, ओढून पाहतो. न वापरलेली तार आतल्या आत धरते म्हणून. काल पाहिली तेव्हा खटका पहिल्या ओढीला सुटला, पण तिच्या टोकाची टोपी चिरलेली दिसली. ती या रविवारी बदलायची आहे.