गिटचा इंटरॅक्टिव्ह रिबेस : ५ पैकी ३ स्टार, तेही रिफ्लॉगमुळे

गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) रोज वापरतो आणि आवडतंही, त्यामुळे नुसत्या शिव्या घालायला लिहीत नाहीये. पण 'फिक्स', 'फिक्स २', 'आता तरी चाल बाबा' असल्या बारा कमिट्स (म्हणजे नोंदवलेले बदल) रिव्ह्यूला पाठवायच्या आधी निवडून-पाखडून चार करायला बसलं की डोकं आउट होतं.

त्यासाठीच इंटरॅक्टिव्ह रिबेस असतो, म्हणजे कमिट्स जोडून, गाळून पुन्हा लावणं. त्याची कमांड, रिबेस हायफन आय, मारलं की एडिटर उघडतो, बऱ्याच मशिनवर व्हिम, आणि कमिट्सची यादी उलटी! लॉगमध्ये (कमिट्सच्या इतिहासात) नवीन कमिट वर असते, इथे जुनी वर. लॉजिक आहे त्यात, त्याच क्रमाने त्या परत लागणार असतात, पण आत्ताच लॉग बघून आलेल्या माणसाला ते पचत नाही. स्क्वॉश (दुसऱ्या कमिटमध्ये जोड) लिहिलेली कमिट वरच्या ओळीत मिसळते, मी कितीतरी दिवस खालच्या ओळीत समजत होतो.

आणि ओळ खोडली की कमिट उडाली, विचारणं वगैरे काही नाही. मिसिंग कमिट्स चेक नावाची सेटिंग आहे, ती वॉर्न किंवा एररवर ठेवता येते, पण मुळात बंदच येते (का??). बरं घाबरून कोलन क्यू करून बाहेर पडलात तर कॅन्सल होत नाही, आहे त्या यादीवर रिबेस सुरू. कॅन्सल करायचं तर सगळ्या ओळी पुसायच्या. म्हणजे एक ओळ पुसली तर एक कमिट जाते आणि सगळ्या पुसल्या तर काहीच जात नाही, हे कोणाला आपणहून सुचणार सांगा.

पण खरा घोळ कॉन्फ्लिक्टमध्ये, म्हणजे एकाच जागी दोन वेगळे बदल आले आणि कुठला ठेवायचा ते आपण सांगायचं असतं तेव्हा. मर्ज करताना (दोन ब्रांच, म्हणजे कामाच्या दोन फांद्या, जोडताना) अवर्स म्हणजे आपली ब्रांच. रिबेसमध्ये अवर्स म्हणजे समोरची, जिच्यावर आपलं काम लावायचंय ती, कारण गिट आधी तिकडे जाऊन उभं राहतं आणि आपल्या कमिट्स एकेक करून तिथे लावतं. हे कारण मला पाठ आहे, तरी मागे एकदा रात्री साडेअकराला झोपेच्या तारेत चेकआउट अवर्स (अवर्सचीच बाजू ठेव) मारून स्वतःचंच दोन दिवसांचं काम बाजूला सारलं आणि वर कंटिन्यू मारून रिबेस पुढेही ढकलला.

वाचलो रिफ्लॉगमुळे, म्हणजे ब्रांच आधी कुठे कुठे होती त्याची गिटने ठेवलेली नोंदवही. जुन्या कमिट्स लगेच मरत नाहीत, कुठल्याच ब्रांचवर नसलेल्यांची नोंदसुद्धा डिफॉल्टला ३० दिवस राहते. फक्त साधी अन्डू कमांड नाही आणि हेडच्या (आपण आत्ता जिथे आहोत त्या जागेच्या) रिफ्लॉगमध्ये रिबेसची प्रत्येक पायरी वेगळी ओळ, त्यात आपली जुनी जागा शोधत बसा. त्यापेक्षा ब्रांचचा रिफ्लॉग बघा, तिथे अख्ख्या रिबेसची एकच ओळ असते. ब्रांचच्या नावापुढे ॲट आणि महिरपी कंसात १ लिहून (म्हणजे तिची आधीची जागा) त्यावर हार्ड रिसेट, ब्रांच तिथे परत, झालं. (आधी स्टेटस बघा, कमिट न केलेलं काही असेल तर ते मात्र कायमचं जाईल.)

पुश झालेल्या (सर्व्हरवर इतरांसाठी पाठवलेल्या) कमिट्स बदलतानाही गिट हूं की चूं करत नाही. मर्क्युरियलमध्ये (गिटसारखंच दुसरं टूल) फेज असतात, म्हणजे कमिट कुठल्या टप्प्यात आहे त्याची खूण, पब्लिक झालेली कमिट ते सहजासहजी बदलू देत नाही. इथे पुश रिजेक्ट झाल्यावर कळतं, मग लोक सरळ फोर्स मारतात, म्हणजे सर्व्हरवरचं पुसून आपलं टाकतात. निदान फोर्स विथ लीज तरी मारा रे, मधे दुसऱ्या कोणी काही पाठवलं असेल तर ते अडवतं.

टीममधला एक पोरगा हल्ली जुजुत्सु नावाचं असंच दुसरं टूल वापरतो, गिटच्याच रेपोवर चालतं ते, अन्डू आहे आणि कॉन्फ्लिक्ट आला तरी अडून बसत नाही, कमिटमध्येच नोंदवून पुढे जातं, नंतर सवडीने सोडवा. मी अजून तिकडे गेलो नाहीये, बोटांना रिबेस हायफन आयची खोड लागलीये आणि बाकीच्या टीमला शिकवत कोण बसणार.