इग्नूतून बी.कॉम., वर्ष उलटल्यावर: फी परवडते, तारखा परवडत नाहीत

मी बेळगावात शहापूरकडच्या एका सौहार्द सहकारी सोसायटीत कॅशला बसते. पीयूसी म्हणजे बारावीनंतर लग्न झालं, मग पोरं, आणि डिग्री राहिली ती राहिलीच. अकाउंटंटच्या जागेला पदवी लागते, म्हणून मागच्या जुलैच्या प्रवेशाला इग्नूत, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, बी.कॉम.ला नाव घातलं. अभ्यासाचं, पुस्तकांचं पुष्कळांनी लिहून झालंय. मी फक्त पैशाचं लिहिते. नवरा उद्यमबागेत मशीन शॉपला, मी सोसायटीत, दोन पोरं शाळेत. असल्या घरातून ही फी कशी निघते, ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

फी जास्त नाही, हे पहिल्यांदा सांगते. वर्षाची फी चार आकड्यांत बसते. छापील पुस्तकं नकोत म्हटलं तर अभ्यासक्रमाच्या फीत १५ टक्के सूट मिळते. मी पुस्तकं घेतली. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून रात्री परत मोबाइलवर पीडीएफ वाचणं माझ्याच्यानं होत नाही, आणि पानं प्रिंट काढायला गेलं की सूट तिथंच जाते. ज्यांचे डोळे तरुण आहेत त्यांनी सूट घ्यावी. एससी-एसटी उमेदवारांना काही कोर्सना फी माफही आहे, ते प्रवेशाआधीच माहितीपुस्तिकेत बघून घ्या.

आता खरी गोष्ट. पुढच्या वर्षाची री-रजिस्ट्रेशन कधी भरायची? उन्हाळा सरता सरता, पोरांच्या शाळा उघडतात त्याच दिवसांत. आमच्याकडं कर्नाटकात शाळा मे संपता संपता सुरू होते. वह्या, युनिफॉर्म, बूट, रिक्षामामाचा ॲडव्हान्स, सगळं एका आठवड्यात. त्यात आईची पण फी! डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म गणपती-दसऱ्याच्या आगेमागे येतो. म्हणजे वर्षात जे दोन महिने खिसा रिकामा असतो, नेमके तेच दोन. रक्कम बघून मी म्हटलं होतं, एवढं तर निघेल की. निघतंय, पण त्या तारखेला निघत नाही.

आणि तारीख चुकली तर? परीक्षेला माझ्या वेळी एका पेपरला २०० रुपये होते आणि मुदत गेल्यावर विलंब शुल्क ११००. म्हणजे पाच पेपरच्या फीपेक्षा उशिराची फी मोठी. दुसरं म्हणजे परीक्षा केंद्र फॉर्म भरतानाच निवडायचं असतं आणि त्याला जागा ठरावीक असतात. उशीर केला की जवळचं केंद्र भरलेलं, मग जे उरलंय ते घ्या. नशीब, ११ जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या बसला बायकांना तिकीट नाही. लांबचं केंद्र आलं तरी जायचा खर्च नाही, पण रजा जाते आणि ती रजा बिनपगारी असली तर तिचेही पैसेच झाले.

मी तोडगा काढला भिशीचा. आमच्या गल्लीत बायकांची महिन्याला हजाराची भिशी आहे, काकूंकडं जमते. नंबर चिठ्ठी टाकून निघतात, पण आपसात बदलून घेता येतात. मी म्हटलं, “काकू, मला मेचा नंबर पाहिजे.” काकू वहीतनं वर न बघताच म्हणाल्या, “मेचा सगळ्यांनाच पाहिजे असतोय गं. तुझी फी, हिची शाळा, तिची कौलं.” शेवटी ज्या वहिनीला मे निघाला होता तिला दिवाळीला घरात रंग द्यायचा होता. तिनं माझा ऑक्टोबर घेतला, मी तिचा मे. व्याज नाही, कागद नाही. परीक्षेच्या फॉर्मसाठी बँकेत वेगळी आरडी घातली, ती गणपतीच्या आधी सुटेल अशी. डिग्रीला पैसा कुठनं आणायचा हा प्रश्न नाहीच, तो त्या महिन्यात हातात कसा असेल, एवढंच.

कर्जाचंही विचारून बघितलं. माझं खातं आहे त्या बँकेत साहेब म्हणाले, एज्युकेशन लोन रेग्युलर कॉलेजला, असल्या डिग्रीला नाही. बरं झालं म्हणायचं. एवढ्याशा फीला कर्ज काढलं तर प्रोसेसिंगच्या कागदांचाच खर्च जास्त. पण यामुळं लोक दुसऱ्या जाळ्यात जातात. फोन येतात, ‘घरबसल्या ऑनलाइन डिग्री, नो कॉस्ट ईएमआय’. आमच्या सोसायटीतल्या एका पोरानं तसलं घेतलं. त्यात फायनान्स कंपनी सगळी फी एकदम भरून टाकते आणि हप्ते आपल्या नावावर. कोर्स सोडला तरी हप्ता सुटत नाही. हप्ता चुकला की सिबिल खराब, मग उद्या घराचं लोन अडणार. मी रोज दुसऱ्यांचे थकलेले हप्ते लिहिते, मला हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

टॅक्सचं अनेकांच्या डोक्यात चुकीचं असतं, म्हणून सांगते. ८०-सीमध्ये ट्यूशन फीची वजावट आहे ती मुलांच्या फीची, दोन मुलांपर्यंत, आणि पूर्णवेळ शिक्षणाची. स्वतःच्या डिग्रीची फी त्यात बसत नाही. ८०-ई आहे, पण ती फक्त शैक्षणिक कर्जाच्या व्याजाला, आणि सोसायटीच्या उसनवारीचं व्याज त्यात धरत नाहीत. शिवाय दोन्ही फक्त जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत असाल तर हा परिच्छेद विसरा.

प्रवेशाच्या वेळी फीच्या बाहेरचा खर्च झाला तो नावाचा. हल्ली यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, डीईबी आयडी (दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा नंबर) काढल्याशिवाय डिस्टन्सला प्रवेश होत नाही. तो आधार आणि एबीसी आयडीला (आपले क्रेडिट जमा होतात त्या खात्याच्या नंबराला) जोडलेला. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्सकार्डावर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. स्टँप पेपर, नोटरी, आधार केंद्रातली फी, सायबरवाल्याचे पैसे, आणि दर खेपेला अर्ध्या दिवसाची रजा. लग्न झालेल्या बायकांनी हे काम प्रवेशाच्या आधीच्या महिन्यातच उरकावं.

मराठीतनं का नाही, असं कुणीतरी विचारणारच. इग्नूचा पेपर हिंदी किंवा इंग्रजीत लिहायचा असतो. मैसूरच्या कर्नाटक मुक्त विद्यापीठात मराठीतनं बी.कॉम. मला मिळालं नाही. त्या विद्यापीठाची मान्यता मधली काही वर्षं गेली होती, २०१८ मध्ये परत मिळाली. मधल्या बॅचचे हाल पेपरात वाचलेत, त्यामुळं कुठलंही विद्यापीठ असो, यूजीसीच्या त्या वर्षाच्या यादीत त्या कोर्सचं नाव आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे भरू नका. मराठीतनं शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, माझी निपाणीची जाऊ तिथं करते. तिचं केंद्र सीमेपलीकडं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. हद्दीपर्यंत पूर्ण, पुढं अर्धं! निपाणीला हे चालतं, कोल्हापूर तासाभरावर. बेळगाव-खानापूरच्या बाईनं दर खेपेला शंभरावर किलोमीटर जायचं म्हटलं तर फीत वाचलेलं गाडीत जातं.

असाइनमेंटांचा खर्च किरकोळ, कागद आणि पेनं. पण त्या वेळेत द्याच. ३० टक्के गुण त्यांचे आहेत, आणि पेपर राहिला की परत २०० रुपये. इथं एक नियम लक्षात ठेवा: परीक्षा दिली नाही, असाइनमेंट दिली नाही, तरी पुढच्या वर्षाची री-रजिस्ट्रेशन भरता येते. ती वेळेत भरून टाकायची, पेपर मागनं देता येतात. तीन वर्षांच्या डिग्रीला सहा वर्षांची मुदत आहे. यंदा मी त्याचाच फायदा घेतला. मार्चएंडिंगला आमच्याकडं घरी यायलाच रात्र होते, म्हणून जूनला सगळे पेपर न भरता जे जमतील तेवढेच भरले, बाकीचे डिसेंबरला. अकाउंटन्सीचा मात्र पुढं ढकलला नाही, तो रोजच्या कामातलाच आहे. पुढच्या वर्षाच्या मेचा नंबर काकूंकडं आत्ताच बोलून ठेवलाय.