लेबर लॉ कन्सल्टंटचा अनुभव (सोलापूर) – कारागीर पगारी की कॉन्ट्रॅक्टर, हा घोळ असेल तर वाचा

आमचं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं युनिट आहे, एमआयडीसीत. पीएफच्या विषयावर लेबरची कामं बघणाऱ्या एका वकील मॅडमकडे गेलो होतो, त्यांच्या कामाबद्दल लिहितोय कारण गारमेंट लाइनमधले बरेच जण हेच विचारत असतात. नाव टाकत नाही, वकिलांना जाहिरात चालत नाही म्हणून त्यांनीच नको म्हटलं.

त्याआधी दुसऱ्या एका कन्सल्टंटनं सोपा उपाय सांगितला होता, की सगळ्या कारागिरांकडून पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घ्या "मी स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर आहे", म्हणजे तुमची माणसं २० च्या खाली दिसतील आणि पीएफ लागणारच नाही. मला ते पटेना म्हणून मॅडमकडे गेलो. मॅडमनी ड्राफ्ट वाचला, बाजूला ठेवला आणि सरळ युनिटवर यायची वेळ ठरवली. हे मला सगळ्यात आवडलं, ऑफिसात बसून सल्ला देणारे खूप आहेत.

आल्यावर ओव्हरलॉकच्या लाइनपाशी उभ्या राहून एकेक विचारत गेल्या, मशीन कुणाची, दोरा कोण आणतं, लाइट बिल कोण भरतं, उचल कोण देतं, आज कुठला माल घ्यायचा हे कोण ठरवतं. मग एक शर्ट उचलून म्हणाल्या, "कॉलर वाकडी आली तर उसवून परत शिवायला कोण सांगतं?" म्हटलं शिलाईवर लक्ष ठेवणारे मास्तर सांगतात. "मास्तर तुमचे ना? मग दादा, स्टॅम्पपेपरवर काहीही लिहा, हे तुमचे कामगारच."

पीस रेटवर (नगामागे) पैसे देतो म्हणजे माणूस कॉन्ट्रॅक्टर, असं आपल्याकडे सर्रास धरतात. तसं नाहीये. मॅडमनी १९७३ चा सुप्रीम कोर्टाचा सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा निकाल दाखवला, आंध्रातल्या शिलाई दुकानाची केस, टेलर पीस रेटवर, यायच्या-जायच्या वेळा ठरलेल्या नाहीत, काही जण माल घरी नेणारे, तरी कोर्टानं त्यांना दुकानाचे कामगारच धरलं, कारण मशीन दुकानाच्या आणि काम पसंत पडलं नाही तर परत शिवायला लावायचा अधिकार मालकाचा. आमच्याकडे अगदी हेच चाललंय!

घरी माल नेणाऱ्या बायकांचं मला वाटत होतं की त्या तरी बाहेरच्या, मशीन त्यांचीच आहे. तिथं मॅडमनी घरी विड्या वळणाऱ्या कामगारांचा १९८५ चा निकाल काढला, घरी बसून केलं तरी पीएफ लागू. सोलापुरात हे वेगळं सांगायला नको, निम्म्या गल्ल्यांत विडी कामगार आहेत आणि त्यांना पीएफ मिळतो हे आपण लहानपणापासून बघतोय, मग आपल्या शिवणाऱ्या बायकांनीच काय घोडं मारलंय.

काजं-बटणंवाला मात्र खरा कॉन्ट्रॅक्टर निघाला. स्वतःचं शेड, स्वतःच्या मशीन, स्वतःचा पोरगा हाताखाली, चार युनिटांचा माल घेतो, रेट तो सांगतो आणि बिल देतो. त्याचा फक्त टीडीएस कापायचा, १ टक्का. कॅटलॉग करणारी डिझायनर पण फ्रीलान्सर, पण तिच्या बाबतीत एक गोष्ट कळली जी मला कुणीच सांगितली नव्हती. पगारी माणसानं कामात केलेल्या डिझाइनचा कॉपीराइट सहसा मालकाचा असतो, फ्रीलान्सरचा तसा आपोआप येत नाही, लेखी असाइनमेंट (हक्क आपल्या नावावर करून देणं) लागतं आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरतात. मॅडमनी तो करार नीट करून दिला.

खर्चाचं पण लपवलं नाही. पीएफ १२ टक्के त्यांचा, १२ आपला. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय (कामगार विमा), आपला सव्वातीन टक्के नि त्यांचा पाऊण. ऐकून पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू, पण मागची थकबाकी निघाली तर कामगाराचा वाटा पण आपल्याच खिशातून जातो, वर १२ टक्के व्याज आणि दंड वेगळा, हे कळल्यावर रजिस्ट्रेशन करून टाकलं. आणि आमच्याकडे वर्षानुवर्षं शिवणाऱ्या बायकांच्या नावावर काहीतरी जमा होतंय याचं मनापासून बरं वाटतं.

सीझनला जी जादा माणसं लागतात त्यांना ठेकेदार दाखवू नका, फिक्स्ड टर्मवर (ठरावीक मुदतीच्या नोकरीवर) घ्या म्हणाल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड (कामगार कायदे) लागू झालेत, त्यात फिक्स्ड टर्मवाल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी बसते, सीझन चार महिन्यांचा असल्यानं आम्हाला ते परवडतं.

तक्रारी दोन. करार सगळे इंग्रजीत, कारागिरांना वाचून दाखवायला मला मराठीत करून घ्यावे लागले, हे त्यांनीच द्यायला पाहिजे. आणि फोन लवकर उचलत नाहीत. फी इतरांपेक्षा जास्त आहे पण युनिटवर येऊन बघतात म्हणून मला जास्त वाटली नाही. पाचपैकी साडेचार स्टार.

जाणार असाल तर मस्टर, पीस रेटची वही, उचलीची वही आणि जॉबवर्कवाल्यांची बिलं घेऊन जा, त्याशिवाय त्या बोलायलाच सुरुवात करत नाहीत. महिन्याच्या १५ तारखेच्या आसपास जाऊ नका, पीएफ-ईएसआयची चलनं भरायची गडबड असते, २० नंतर निवांत भेटतात.