पदवीच्या शेल्यासाठी गुळेदगुड्डचा खण: कापडाची पारख

पदवी घेऊन आलेल्या मुलाला किंवा मुलीला घरीच शिवलेला शेला घालायचा, अशी पद्धत घरात सुरू करायची असेल तर बेळगावकडे खणाइतकं सोयीचं कापड दुसरं नाही. गणपत गल्लीत मिळतं, शहापूरच्या खडेबाजारात मिळतं, रंग ठसठशीत असतात आणि काठ आयताच विणलेला असतो. पण खण विणला जातो चोळीसाठी, गळ्यातून लोंबणाऱ्या लांब पट्ट्यासाठी नव्हे. सगळी गोची तिथेच आहे.

आधी खरा खण ओळखा. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या हातमागाच्या खणात उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो. बाजारात त्याच नक्षीचा यंत्रमागावरचा पॉलिएस्टर खण ढिगाने आहे आणि दुकानदार दोन्हींना ‘खण’च म्हणतो. कडेचे दोन्ही दिशांचे धागे उपसून वेगवेगळे जाळून बघा. सूत कागदासारखं जळून राख होतं, रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिएस्टरचा शेला काही वाईट दिसत नाही, स्वस्तही पडतो. मात्र गरम इस्त्रीखाली त्यावर चकाकी येते आणि ती पुन्हा जात नाही.

हातमागाच्या खणाचा मोठा दोष म्हणजे रंग. ओला पांढरा रुमाल कापडावर ठेवून वरून इस्त्री दाबा. लाल, जांभळा आणि गर्द हिरवा बहुतेक वेळा रुमालावर उतरतो. मीठ-तुरटीच्या पाण्याने तो पक्का होईल ही भाबडी आशा. असा शेला पुढे ड्रायक्लीनच करायचा, आणि अस्तर पांढरं लावायचं नाही.

पन्हा ३१ इंचांच्या आसपास असतो. मोजून घ्या, कमी-जास्त निघतो. एका शेल्याला १.१ मीटर कापड पुरतं. दोन्ही बाजूंच्या काठांकडून ५.५ इंच रुंद आणि ४० इंच लांब अशी एकेक पट्टी काढायची. डाव्या काठाची पट्टी एका खांद्यावर आणि उजव्या काठाची दुसऱ्या, म्हणजे काठ दोन्हीकडे बाहेरच्या अंगाला येतो. मधे २० इंच कापड उरतं, ते ओटीच्या खणाला नाहीतर पदवीच्या फाइलच्या कव्हराला जातं. काठाच्या पट्ट्या एका तुकड्यातून दोनच निघतात. म्हणून घरात तीन भावंडं असतील तर ३.३ मीटर एकाच ताग्यातून घेऊन ठेवा. चार वर्षांनी तोच ‘मोरपंखी’ मागितला तर रंगाची छटा हमखास वेगळी मिळते.

कापड सरळ कात्रीने कापलं की कडा भराभर सुटतात, कारण रेशमाचे उभे धागे घसरतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी वाफेची इस्त्री, मग आखणी, मग मागून मायक्रो पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं पातळ अस्तर) आणि शेवटी कापणं. वाफ न देता पेस्टिंग लावलं तर सुती आडवा धागा नंतर आटतो आणि वर बुडबुडे येतात. पेस्टिंग करताना वर सुती फडकं टाका आणि इस्त्री न ओढता १०-१२ सेकंद एका जागी दाबून उचला. अस्तराला टू बाय टू रुबियाचं सुती कापड, तेही रात्रभर भिजवून वाळवलेलं.

मानेमागे जोड येतो तिथे दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत तिरक्या कापायच्या, काठाची बाजू लांब ठेवून. सुलट बाजू एकमेकींवर ठेवून एकदमच कापा. वेगवेगळ्या कापल्या की दोन्ही डाव्याच होतात आणि कापड वाया जातं. विणलेली कड शिलाईत आवळून धरते, म्हणून शिवून झाल्यावर तिला दर दोन इंचांवर कात्रीने बारीक काप द्या.

आता कशिदा. खणावर थेट कसुती, म्हणजे धागे मोजून काढायचा कर्नाटकी कशिदा, काढू नका, दुकानात कोणी कितीही सुचवलं तरी. अंगभर बुट्टी असल्यामुळे टाका हरवतो आणि धागे मोजता येत नाहीत. ३.५ इंच रुंद मॅटीच्या (धागे मोजता येतील अशा विणीच्या कापडाच्या) तुकड्यावर काढून तो शेल्याच्या टोकाला बसवावा. सहापदरी धाग्यातले दोन पदर, बोथट टोकाची सुई. घरातल्या सगळ्यांचा हात लागावा म्हणून गोपुराची एकच नक्षी चौघांत वाटली तर प्रत्येकाची ओढ वेगळी पडते आणि तुकडा वाकडा होतो. त्यापेक्षा एकाला गोपूर, एकाला तुळशीवृंदावन, एकाला हत्ती. गवंती टाक्यात (दुहेरी धावदोऱ्यात) जाताना एकाआड एक घर भरतं आणि परत येताना उरलेली घरं भरतात. मोजणी चुकली की ते परतीतच कळतं, म्हणून नवख्याला लहान नक्षी द्या. मेंथीला, म्हणजे फुलीच्या टाक्याला, धागा फार लागतो आणि कापड आवळतं, ती कडेपुरतीच ठेवा. कसुतीत गाठ मारत नाहीत, इथेही मारू नका, गाठ वर उठून दिसते.

नाव घालायचं तर देवनागरीत सोपं जातं. शिरोरेघ आणि काना सरळ घरांत बसतात. कन्नड अक्षरांच्या वळणांना मोजीव टाका पुरत नाही, तिथे साखळी टाका वापरा. पदवी आणि वर्ष अस्तराच्या बाजूला.

समारंभात झग्यावरून शेला चालेल का, हे आधी कॉलेजात विचारून घ्या. ‘घटिकोत्सवा’च्या, म्हणजे पदवीदान समारंभाच्या, पत्रिकेत पोशाखाच्या सूचना असतात. परवानगी नसेल तर तो घरी औक्षणाच्या वेळी घालावा. ठेवताना घडी नको, घडीवर रेशीम चिरतं. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून वर जुनं धुतलेलं सुती धोतर. डांबरगोळी ठेवायचीच असेल तर कापडाला टेकू देऊ नका.